‘वा, काय सर्व्हिस आहे!’ : तुमचा टोमणा ॲपला का कळत नाही?

गेल्या पावसाळ्यात सापगावला, म्हणजे माझ्या आजोळी, अकरा दिवस मोबाईलला रेंज नव्हती. मामा पावसाळ्यात काकडी आणि शिराळी लावतो. संध्याकाळी व्यापाऱ्याचा फोन येतो, भाव कळतो, आणि मग उद्या किती माल तोडायचा ते ठरतं. फोनच लागत नाही म्हटल्यावर अर्धी काकडी वेलावरच जून झाली.

शेवटी मामा वैतागून भातसाच्या पुलावर गेला. तिथे दोन काड्या रेंज येते. कंपनीच्या ॲपवर त्याने तक्रार टाकली ती अशी:

“वा! तुमच्या नेटवर्कला तोड नाही. अकरा दिवसांत एकाही व्यापाऱ्याने मला त्रास दिला नाही. एवढी शांतता लग्नाआधीसुद्धा नव्हती. असंच काम चालू ठेवा.”

दोन मिनिटांत उत्तर आलं: “आपल्याला आमची सेवा आवडली याचा आनंद आहे. आपल्या अमूल्य अभिप्रायाबद्दल धन्यवाद!” आणि खाली हिरव्या रंगात लिहिलेलं, तक्रार निकाली.

घरी सगळे पोट धरून हसले. मला मात्र नीट हसता आलं नाही. कारण मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, आणि लोकांचे अभिप्राय ‘चांगला’, ‘वाईट’, ‘मधला’ अशा तीन खोक्यांत टाकणारं सॉफ्टवेअर मीही बनवलं आहे. ती कंपनी वेगळी होती, पण पद्धत तीच. मामाची तक्रार नेमकी कुठे हरवली असेल, याचा मला चांगलाच अंदाज होता.

आज तेच समजून घेऊ.

ॲपच्या आत काय झालं असेल?

अशा सिस्टीममध्ये साधारण दोन पायऱ्या असतात. पहिली, मराठी मजकुराचं इंग्रजी भाषांतर. कारण इंग्रजीसाठी तयार टूल्स भरपूर आहेत. दुसरी, त्या इंग्रजी वाक्याचा सूर ओळखणं. याला सेंटिमेंट ॲनालिसिस म्हणतात.

सूर ओळखणारं मॉडेल शब्दांना आकड्यांच्या रूपात बघतं. एखादा शब्द कोणकोणत्या शब्दांच्या शेजारी येतो, त्यावरून त्याचे आकडे ठरतात. ‘वा’, ‘तोड नाही’, ‘शांतता’, ‘चालू ठेवा’ हे शब्द बहुतेक वेळा कौतुकाच्याच शेजारी दिसतात. मामाच्या चार वाक्यांत ‘बंद’, ‘खराब’, ‘तक्रार’ असा एकही शब्द नाही. ‘त्रास’ आहे, पण पुढे ‘दिला नाही’ आहे. म्हणजे मशीनच्या हिशोबाने सगळं छानच!

भाषांतरातही गंमत आहे. ‘तोड नाही’ म्हणजे जोड नाही, बरोबरीचं कोणी नाही. मी ते वाक्य एका भाषांतर ॲपमध्ये टाकून पाहिलं, तर ‘तुमचं नेटवर्क तुटत नाही’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य आलं. अकरा दिवस बंद असलेल्या नेटवर्कबद्दल!

‘सार्कॅझम’ला मराठीत काय म्हणतात?

हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. शब्दकोशात ‘उपरोध’ मिळेल. पण आपण रोजच्या बोलण्यात काय काय म्हणतो ते बघा:

- थट्टा, मस्करी: जवळच्या माणसाची. बहुतेक वेळा कोणाला लागत नाही.
- फिरकी घेणे: समोरच्याला थोडा वेळ कळूच द्यायचं नाही.
- कोपरखळी, चिमटा: हलकंच, पण लागतं.
- टोमणा: नाव न घेता, पण नेमका त्याच माणसाला.
- टिंगल, टर, खिल्ली: इथे प्रेक्षक लागतात. एकट्यात टर उडवता येत नाही.
- हेटाळणी, कुचेष्टा: इथे हसू संपलं, जखम सुरू झाली.
- शालजोडीतला: जोडाच मारायचा, पण शालीत गुंडाळून.

यातला ‘शालजोडीतला’ माझा आवडता. मामाने केलं ते नेमकं हेच. शब्द शालीचे, आत जोडा. मशीनने शाल मोजली आणि पावती दिली.

या शब्दांमध्ये फरक कशाने पडतो? साधारण तीन प्रश्नांनी. कोण कोणाला बोलतंय? किती लागतंय? आणि बोलणं किती झाकलेलं आहे? यातल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा वाक्यात नसतंच. ते नात्यात असतं. ‘शहाणाच आहेस’ हे आजी नातवाला म्हणते तेव्हा वेगळं आणि भावकीतला चुलता म्हणतो तेव्हा वेगळं. आणि ‘दीडशहाणा’ म्हणजे शहाण्यापेक्षा दीडपट हुशार नाही, हे गणितात पक्क्या असलेल्या मशीनला कोण सांगणार?

शेजारच्या हिंदीतही घोळ

आपल्याला वाटतं, हिंदी-मराठी एकाच लिपीत, मग अडचण काय? पण ‘चेष्टा’ हा शब्द घ्या. मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, आणि हाच संस्कृतच्या जवळचा अर्थ आहे. हिंदीवर जास्त शिकलेल्या मॉडेलला ‘त्याने माझी चेष्टा केली’ या वाक्यात प्रयत्न दिसला, तर नवल नाही.

‘उपरोध’चंही तसंच. संस्कृतमध्ये त्याचा अर्थ अडथळा, अडवणूक. टोचून बोलणं हा अर्थ त्याला मराठीत आला. आणि हिंदीत ज्याला ‘व्यंग्य’ म्हणतात त्याच्या जवळचा ‘व्यंग’ हा शब्द मराठीत शरीरातल्या दोषासाठीही वापरतात. एक ‘य’ इकडे तिकडे झाला की अर्थच बदलतो.

युरोपातल्या भाषांची अवस्था काय?

आपल्याला वाटतं इंग्रजी शब्द म्हणजे पक्का माप-तराजू. पण तिथेही सगळं सरळ नाही.

‘आयर्नी’ हा शब्द ग्रीक भाषेतून आला. जुन्या ग्रीक नाटकांत ‘आयरॉन’ नावाचं एक ठरावीक पात्र असे. माहीत असूनही अडाण्याचं सोंग घ्यायचं आणि फुशारकी मारणाऱ्याला उघडं पाडायचं, हे त्याचं काम. सॉक्रेटिसची ‘मला काही कळत नाही हो, तुम्हीच सांगा’ ही पद्धतही याच नावाने ओळखली जाते. ‘सार्कॅझम’सुद्धा ग्रीकच, पण त्याचं मूळ क्रियापद आहे मांस फाडण्याचं! एक शब्द सोंगाचा, दुसरा लचका तोडण्याचा. आणि आपण मात्र दोघांसाठी ‘उपरोध’ लिहून मोकळे होतो.

जर्मनमध्ये ‘श्पॉट’ आणि ‘होन’ असे दोन शब्द आहेत. श्पॉट म्हणजे साधारण टिंगल. होन त्याच्यापेक्षा कडू, त्यात तिरस्कार असतो, आपल्या हेटाळणीसारखा. फ्रेंचमध्ये ‘पर्सिफ्लाज’ आहे, म्हणजे हसत-खेळत, वरवर सभ्यपणे केलेली टर. हा शब्द इंग्रजीने भाषांतर न करता तसाच उचलला. स्पॅनिशमध्ये ‘बुर्ला’ म्हणजे उघड थट्टा आणि ‘सोर्ना’ म्हणजे गालातल्या गालात हसत, सावकाश मारलेला टोमणा. रशियनमधला ‘स्त्योब’ तर अजून वेगळा. समोरच्याचीच भाषा इतक्या गंभीरपणे, इतक्या हुबेहूब बोलायची की हा समर्थक आहे की टर उडवतोय हेच कळू नये. सोव्हिएत काळाच्या शेवटी शेवटी हा प्रकार फार चालायचा.

आणि आपली ‘मस्करी’? ती अरबी ‘मस्खरा’वरून आली. युरोपातला मुखवट्याचा ‘मास्क’ हा शब्दही काही अभ्यासक याच ‘मस्खरा’शी जोडतात. म्हणजे मस्करी आणि मास्क कदाचित लांबचे भाऊबंद!

दुसऱ्या बाजूने एक अडचण बघा. इंग्रजी ‘आयर्नी’ दोन गोष्टींसाठी चालतो: बोलण्यातला तिरकसपणा आणि परिस्थितीने केलेली थट्टा. मराठीत या दोन्हींना एकच शब्द नाही. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांत सगळ्यात मोठा वाटा भातसाचा आहे. भातसा आणि तानसा दोन्ही आमच्या शहापूर तालुक्यात, आणि याच तालुक्यातल्या गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. इंग्रजीत ही ‘आयर्नी’. आमच्याकडे याला शब्द नाही, म्हण आहे: धरण उशाला, कोरड घशाला. पुस्तकी भाषेत दैवदुर्विलास म्हणता येईल. पण ‘उपरोध’ म्हणून चालणार नाही. धरण काही टोमणे मारत नाही.

कल्याणला गाडी बदला

आता समजा, तुम्हाला मराठीतून जर्मनमध्ये भाषांतर करायचंय. मराठी-जर्मन अशी समोरासमोर लिहिलेली वाक्यं फारच कमी मिळतात. म्हणून बऱ्याच सिस्टीम्स आधी मराठीचं इंग्रजी आणि मग इंग्रजीचं जर्मन करत आल्या आहेत. इंग्रजी हे जंक्शन झालं. आसनगावहून कर्जतला जायचं असेल तर कल्याणला गाडी बदलावी लागते, तसंच.

गाडी बदलताना सामान हरवतं. इथे काय हरवतं, त्याचं एक उदाहरण देते.

माझा धाकटा भाऊ सकाळी दहाला उठला की आई म्हणते, “या महाराज, उठलात? चहा आणू का आपल्याला?” यात एकही वाईट शब्द नाही. टोमणा आहे तो ‘आपल्याला’ या आदरात. रोज ‘तू’ म्हणणारी आई अचानक ‘आपण’ म्हणते, आणि भाऊ मुकाट्याने अंथरूण गोळा करतो. इंग्रजीत तू, तुम्ही, आपण या तिघांना मिळून एकच ‘यू’. म्हणजे जंक्शनवर टोमणा उतरला आणि तिथेच राहिला.

खरी गंमत पुढे आहे. जर्मनमध्ये ‘डू’ आणि ‘झी’, फ्रेंचमध्ये ‘त्यू’ आणि ‘वू’ असा भेद आहे. म्हणजे आईचा टोमणा या भाषांमध्ये व्यवस्थित बसला असता! पण मधल्या इंग्रजी थांब्यामुळे तो तिथपर्यंत पोचतच नाही.

मग मशीनला शिकवत का नाही?

शिकवतात. पण शिकवायला उदाहरणं लागतात.

गूगल ट्रान्सलेटमध्ये मराठी २०१३ साली आली. २०१७ मध्ये मराठीसह नऊ भारतीय भाषांसाठी न्यूरल पद्धत सुरू झाली आणि भाषांतर एकदम सुधारलं. २०२१ मध्ये ‘एआयफॉरभारत’ या गटाने ‘समानंतर’ नावाचा संग्रह मोफत खुला केला. त्यात इंग्रजी आणि ११ भारतीय भाषांमधल्या वाक्यांच्या सुमारे ४.९७ कोटी जोड्या आहेत. हे काम खरंच मोठं आहे. पण दोन भाषांत शेजारी शेजारी सापडणारा मजकूर कुठला असतो? बातम्या, सरकारी माहिती, भाषणं, धार्मिक पुस्तकं. तिथे सगळे सरळ बोलतात. सापगावच्या पारावरचं बोलणं कोणी दोन भाषांत छापलेलं नाही.

सूर ओळखण्याचंही तसंच. पुण्याच्या ‘एलथ्रीक्यूब’ गटाने २०२१ मध्ये ‘महासेंट’ हा मराठी ट्वीट्सचा संग्रह दिला. सुमारे १६,००० ट्वीट्स, प्रत्येकावर माणसांनी लावलेली खूण: सकारात्मक, नकारात्मक, तटस्थ. मराठीसाठी ही फार उपयोगाची गोष्ट झाली. पण खोकी तीनच असली की ‘शब्द गोड, अर्थ कडू’ असं चौथं खोकं मॉडेलला वेगळं दिसत नाही. इंग्रजीत हे सोपं गेलं, कारण रेडिटवर लोक स्वतःच वाक्याच्या शेवटी तिरकी रेघ आणि ‘एस’ लिहून सांगतात की मी टोमणा मारतोय. त्यावरून २०१७ मध्ये १३ लाख टोमण्यांचा संग्रह तयार झाला! मराठीत अशी प्रथाच नाही. टोमणा मारून ‘हा टोमणा होता बरं का’ असं आपण सांगत नाही. सांगितलं तर मजा काय राहिली?

अमेरिकेतसुद्धा हा प्रश्न हसण्यावारी नेलेला नाही. २०१४ मध्ये तिथल्या सीक्रेट सर्व्हिसने सोशल मीडियासाठी सॉफ्टवेअर मागवलं, तेव्हा त्यात टोमणा ओळखता यावा अशी अट होती. कारण चेष्टेत दिलेली धमकी आणि खरी धमकी यांतला फरक महत्त्वाचा असतो.

एक युक्ती मात्र चांगली चालते. २०१३ मध्ये काही संशोधकांनी दाखवलं की बऱ्याच टोमण्यांत गोड शब्द आणि वाईट परिस्थिती एकाच वाक्यात असतात. ‘मस्त! ऐन परीक्षेच्या आदल्या रात्री लाईट गेली.’ मामाच्या मेसेजमध्ये ‘वा’ आणि ‘अकरा दिवसांत एकाही व्यापाऱ्याने नाही’ हे शेजारी होते. मशीनला नीट शिकवलं असतं तर तिथे दिवा लागायला हवा होता.

खुणा करून बघितल्या

ही अडचण मोबाईलच्या आधीपासूनची आहे. इंग्लंडमध्ये हेन्री डेनहॅम या मुद्रकाने १५८० च्या दशकात उत्तराची अपेक्षा नसलेल्या प्रश्नांसाठी उलटं प्रश्नचिन्ह वापरून पाहिलं. फ्रान्समध्ये अल्कांतेर द ब्राम या कवीने १८९९ मध्ये खास उपरोधासाठी चिन्ह सुचवलं. दोन्ही टिकली नाहीत. टिकलं ते तिसरंच: १९ सप्टेंबर १९८२ रोजी अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात स्कॉट फालमन यांनी संगणकावरच्या चर्चेत गंमत ओळखू यावी म्हणून विसर्ग, आडवी रेघ आणि कंस जोडून आडवा हसरा चेहरा करायला सुचवलं. आपल्या इमोजींचा हा आजोबा. २०१५ मध्ये आलेला उलट्या डोक्याचा हसरा इमोजी तर आता जवळजवळ टोमण्याचाच शिक्का झालाय.

माणसांनी हे कसं जमवलं?

गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत संशयकल्लोळ’ आठवा. मूळ कल्पना मोलिएरच्या १६६० सालच्या फ्रेंच नाटकाची. ती आर्थर मर्फी यांच्या इंग्रजी नाटकातून देवलांकडे आली. म्हणजे फ्रेंच, मग इंग्रजी, मग मराठी. इथेही कल्याण जंक्शन होतंच! तरीही मराठी प्रेक्षक शंभर वर्षांहून जास्त काळ हसतोय. पु. ल. देशपांड्यांनी १९७५ मध्ये बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून ‘ती फुलराणी’ केलं. लंडनमधल्या बोलींचे टोमणे शब्दाला शब्द लावून आले नसते. म्हणून मराठीतच कोणाच्या बोलण्याला कोण नाक मुरडतं ते शोधलं आणि तिथे नाटक बसवलं.

दोघांनीही शब्दांचं भाषांतर केलं नाही. ‘कोण कोणाला, का बोलतंय’ याचं केलं. मशीनकडे नेमकी हीच माहिती नसते.

तुम्ही काय करू शकता?

१. तक्रार सरळ लिहा. ॲपवर, चॅटबॉटवर टोमणा नको. काय बंद आहे, कधीपासून, कुठे, काय नुकसान झालं. टोमणा माणसासाठी राखून ठेवा.

२. ‘तक्रार निकाली’ दिसलं तर सोडू नका. पुन्हा उघडण्याचा पर्याय शोधा, नाहीतर फोन करून माणसाशी बोला. स्क्रीनशॉट ठेवा.

३. एआय चॅटबॉटकडून भाषांतर करून घेताना संदर्भ द्या. ‘हे आई उशिरा उठलेल्या मुलाला म्हणतेय. आधी तिला काय म्हणायचंय ते सांग, मग जर्मनमध्ये कर.’ एवढं सांगितलं तरी बराच फरक पडतो.

४. परक्या भाषेतला मेसेज खटकला तर लगेच भांडू नका. ॲपने थट्टेची हेटाळणी केली असेल, किंवा उलट. एकदा विचारून घ्या.

५. शब्दाची छटा बघायची असेल तर जुने कोश मोबाईलवर मोफत आहेत. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ शिकागो विद्यापीठाच्या साईटवर शोधता येतात.

आणि तुमच्यापैकी जे कोडिंग करतात त्यांच्यासाठी सहावं, जे मीही उशिराच शिकले. तक्रारीच्या खिडकीतून आलेलं कौतुक मशीनला परस्पर बंद करू देऊ नका. मुळात कौतुक करायला तक्रारीच्या खिडकीत येतो कोण? असा मेसेज दिसला तर तो माणसाकडे पाठवा. हा नियम लिहायला चार ओळी लागतात. मी आमच्या टीममध्ये तो सुचवला तेव्हा पहिला प्रश्न आला, “असे मेसेज असे असतात तरी किती?” किती ते आम्हाला माहीतच नव्हतं, कारण ते सगळे ‘चांगला’ या खोक्यात जमा होत होते.

मामाने नंतर दुसरी तक्रार टाकली, तीन शब्दांची: ‘सापगाव. रेंज नाही.’ चार दिवसांनी रेंज आली. तोवर काकडीचा भाव पडला होता.

मी म्हटलं, “मामा, पहिल्यांदाच सरळ लिहायचं होतं ना.”

मामा म्हणाला, “हो गं बाई. तू एवढी शिकलीस, इंजिनियर झालीस, आधी सांगायला तुला फोन केला असता. पण रेंज नव्हती ना.”

आता हे कोणत्या खोक्यात टाकायचं, तुम्हीच सांगा.